दीर्घकालीन औषधोपचार व सोबती

काही रोगांत औषध थोड्या दिवसांनी सुटते. काहींत तेच जन्माचे सोबती होते. एचआयव्हीचा संसर्ग दुसऱ्या प्रकारचा होय. हा विषाणू शरीराच्या संरक्षक पेशींत दडून राहतो. औषध त्यास समूळ काढीत नाही, त्याची वाढ मात्र थोपवून धरते. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते. वारंवार खंड पडल्यास विषाणू बळावतो व पुढे त्या औषधास दादही देईनासा होतो.

सरकारने हे औषध 1 एप्रिल 2004 पासून विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. आज बहुतेकांस दिवसाकाठी एकच गोळी पुरते. ती नियमाने घेऊन रक्तातील विषाणू नगण्य राहिला, तर पतीपासून पत्नीस अथवा पत्नीपासून पतीस संसर्ग पोहोचत नाही. मग अडते कोठे? अडते ते वाटेवर. भातकुलीकडील खेड्यातून अमरावतीस जावयाचे म्हणजे गाडीभाडे आले, कापूसवेचणीच्या दिवसांतील मजुरी बुडाली, आणि परतल्यावर शेजारी विचारणारच, "काहून गेलता अमरावतीले?" या प्रश्नाचे भय भाड्याहून थोडे नाही.

आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या टेटे प्रांतात ही वाट याहून बिकट होती. तेथे 2008 साली रुग्णांचे लहान गट करण्यात आले. प्रकृती स्थिर असलेल्या सहा जणांनी एकत्र यावे. दर महिन्यास एकाने दवाखान्यात जाऊन स्वतःची तपासणी करवावी व सर्वांचे औषध आणावे. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा: सहा जणांच्या वर्षाच्या 72 खेपा 12 वर येतात. पाच हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदींत चार वर्षांनंतरही शेकडा सुमारे 92 जण उपचारांत टिकलेले आढळले. अर्थात हे लोक आधीच स्थिर प्रकृतीचे व स्वखुशीने आलेले होते. सारे श्रेय गटास देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आपल्याकडे आता स्थिर रुग्णांस तीन महिन्यांचे औषध एकदम देण्याची सोय असल्याने खेपा तशाही कमी झाल्या आहेत. तेव्हा गटाचा खरा उपयोग निराळा आहे. खेप निघण्यापूर्वी सर्व जण एकत्र बसतात, उरलेल्या गोळ्या मोजतात, कोणास ताप वा खोकला आहे ते विचारतात. एकट्या रुग्णाने गोळी सोडली, तर ते कित्येक महिने कोणास कळत नाही.

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली कुष्ठरोग्यांस आश्रय दिला, तो गावाबाहेर. कारण गाव त्यांस घरात राहू देत नसे. गटात मात्र रुग्ण आपल्या घरीच राहतो, आणि म्हणून गुप्ततेचा प्रश्न येथे अधिक नाजूक होतो. पाच जणांस कळले ते सहाव्यास कळावयास वेळ लागत नाही. 2017 च्या कायद्यान्वये रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा संसर्ग उघड करता येत नाही. गटात येण्याची सक्ती म्हणूनच कोणावर नसावी, आणि एकाच गावच्या लोकांचा गट व्हावा असाही हट्ट नसावा. एकाच रस्त्यावरील तीन-चार गावांचे सहा जण, ज्यांची ओळख औषधाच्या रांगेतच झाली, तेही पुरेत. ठरलेल्या दिवशी त्यांतील एक आला नाही, तर चौकशीस त्याच्या घरी कोणी जावे, हे मात्र त्यांनी आधीच ठरवून ठेवावे.