कापूस औषध केव्हां होतो ?

हिंगणघाटच्या बाजारांत गाडीवर येतो तो कापूस म्हणजे शेतमाल. जिनांत सरकी निघून त्याची गांठ बांधली गेली म्हणजे तो व्यापाऱ्याचा माल झाला. पिंजाऱ्याच्या हातीं पडला म्हणजे त्याची गादी किंवा रजई होते. आतां हाच कापूस धुवून, त्यांतील तेलकट अंश काढून, कागदांत गुंडाळून औषधांच्या दुकानांत ठेवला, तर त्यास काय म्हणावें ? वर्धा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास हा प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि त्याचें उत्तर १९६२ सालीं मिळालें.

मुंबईच्या एका उत्पादकाकडे शोषक कापूस, जखमेवर बांधावयाच्या पट्ट्या व गॉज नांवाचें जाळीदार कापड असा माल सांपडला आणि औषधांच्या कायद्याखालीं त्याजवर खटला झाला. कापूस व कापड हीं मुळीं औषधेंच नव्हेत, मग हा कायदा मला कसा लागू होतो, असें त्याच्या बाजूचें म्हणणें होतें. वरवर पाहतां तें खरें वाटतें. कारण पट्टी कोणी पोटांत घेत नाहीं, आणि ती बांधल्यानें ताप उतरत नाहीं. न्यायालयानें मात्र तें मान्य केलें नाहीं. जी वस्तु विशेष प्रक्रियेनें निर्दोष करून शस्त्रक्रियेंत व जखमेच्या उपचारांत वापरण्यासाठीं तयार केली जाते, ती कायद्याच्या अर्थानें औषधच होय, असा निकाल लागला. कापूस तोच, पण त्याचा उद्देश बदलला म्हणून त्याचें कायद्यांतील नांवहि बदललें.

या एका निकालांत औषधांच्या कायद्याचें मर्म आलें आहे. वस्तु कशाची बनली आहे हें तो प्रथम विचारीत नाहीं. ती कशासाठीं बनविली व विकली जाते, हें विचारतो. १९४० सालीं झालेला हा कायदा आज औषधें व सौंदर्यप्रसाधनें अधिनियम या नांवानें ओळखला जातो. नांवांतील दुसरा भाग १९६२ च्या दुरुस्तीनें त्यास जोडला गेला. मनुष्याच्या किंवा जनावराच्या रोगाचें निदान, उपचार, शमन अथवा प्रतिबंध यांसाठीं वापरावयाची प्रत्येक वस्तु त्याच्या व्याख्येंत येते. डांस चावूं नयेत म्हणून अंगास लावावयाचें मलम औषध आहे. रोग पसरविणाऱ्या किड्यांचा नाश करण्यासाठीं सरकारनें ठरविलेला पदार्थ औषध आहे. एवढेंच काय, ज्या पोकळ कॅप्सूलमध्यें अद्याप कांहींच भरलेलें नाहीं, तीहि औषध आहे ! १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणांसहि हाच कायदा लागू झाला. त्यामुळें तापमापकहि त्याच छत्राखालीं आला.

येथें कोणी विचारील कीं, मग आजीबाईच्या बटव्याचें काय ? किराण्याच्या दुकानांतील सुंठ मसाला म्हणून विकली जाते, तोंपर्यंत ती खाद्यपदार्थच राहते. परंतु तीच सुंठ चूर्णांत घालून अमुक रोगावर म्हणून कारखान्यांतून बाहेर पडली, तर तें आयुर्वेदिक औषध ठरतें. हा विभाग मूळच्या १९४० च्या कायद्यांत नव्हता. आपल्या जिल्ह्याशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या डॉ. सुशीला नायर १९६२ ते १९६७ या काळांत केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. त्यांच्या कारकीर्दींत, १९६४ सालीं, आयुर्वेदिक व युनानी औषधांचें प्रकरण कायद्यांत घालण्यांत आलें. (पुढें १९६९ सालीं त्यांनींच सेवाग्राम येथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली.) चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, भावप्रकाश आदि ग्रंथांची यादी कायद्यासच जोडलेली आहे, आणि त्यांतील पाठांप्रमाणें केलेलें औषध तें आयुर्वेदिक औषध, अशी व्याख्या आहे. हजारों वर्षांपूर्वींचा ग्रंथ आधुनिक कायद्याचें परिशिष्ट व्हावा, हें जगांत क्वचितच आढळेल. अशीं औषधें तयार करण्यास परवाना लागतो. विकण्यास मात्र लागत नाहीं. ही सवलत मला अर्धीच योग्य वाटते. सांधेदुखीच्या निरुपद्रवी म्हणविणाऱ्या चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचीं उदाहरणें थोडींथोडकीं नाहींत, आणि तें चूर्ण विकणाऱ्याच्या फळीवर कोणाची नजर नसते.

व्याख्येनंतर वर्गीकरण. औषधांच्या दुकानांत, ज्यास आपण बोलतांना नुसतें मेडिकल म्हणतों, शेंकडों खोकीं एकाच कपाटांत दिसतात. पण कायद्याच्या दृष्टीनें तीं एका पंक्तीचीं नाहींत. १९४५ च्या नियमांना इंग्रजी अक्षरांच्या नांवांचीं परिशिष्टें जोडलेलीं आहेत आणि औषधाचा धोका जसा वाढतो तसें बंधन घट्ट होतें. ‘जी’ परिशिष्टांत इन्सुलिनसारखीं औषधें आहेत. वैद्यकीय देखरेखीवांचून हें घेणें धोक्याचें आहे, असा इशारा त्यांवर छापावा लागतो. ‘एच’ परिशिष्टांतील औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकतां येत नाहीं. अशा पाकिटावर डाव्या बाजूस वर आर व एक्स हीं अक्षरें जोडल्यासारखें चिन्ह असतें. तें ‘घे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचें संक्षिप्त रूप असून, पूर्वी डॉक्टर आपल्या चिठ्ठीचा आरंभ त्यानेंच करीत.

प्रतिजैविकें वाटेल तशीं खाल्लीं गेल्यामुळें जंतु त्यांस दाद देईनासे झाले, तेव्हां २०१३ सालीं ‘एच-एक’ असें नवें परिशिष्ट काढण्यांत आलें आणि १ मार्च २०१४ पासून तें अंमलांत आलें. आरंभीं त्यांत ४६ औषधें होतीं : प्रभावी प्रतिजैविकें, क्षयावरील औषधें, झोंपेच्या कांहीं गोळ्या. यांचें चिन्ह तांबडें असतें व इशारा तांबड्या चौकटींत असतो. हें औषध देतांना दुकानदारास वेगळ्या वहींत डॉक्टरांचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषध व त्याचें परिमाण लिहून ती वही तीन वर्षें जपावी लागते. सर्वांत कडक परिशिष्ट ‘एक्स’. त्यांतील औषधें कुलुपांत ठेवावीं लागतात. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांपैकीं एक दुकानदारानें दोन वर्षें सांभाळावयाची असते. तेव्हां दुकानदार चिठ्ठी मागतो म्हणून त्याजवर रागावणारा गिऱ्हाईक नियम पाळणाऱ्या मनुष्यावरच रागावतो. न मागणाराच अधिक भेटतो, ही गोष्ट वेगळी.

विनाचिठ्ठी मिळणाऱ्या औषधांचा असा स्वतंत्र वर्ग या कायद्यानें आंखलेला नाहीं. बंधनांच्या याद्यांत जें सांपडत नाहीं, तें उरतें, इतकेंच. परंतु ‘के’ परिशिष्टांतील एक सवलत आपल्या खेड्यांच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या गांवाची लोकवस्ती १,००० हून अधिक नाहीं, तेथें साध्या दुकानदारासहि परवान्यावांचून कांहीं घरगुती औषधें विकतां येतात : अ‍ॅस्पिरिन व पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या, वेदनाशामक बाम, एरंडेल, निलगिरीचें तेल, टिंक्चर आयोडिन, शोषक कापूस इत्यादि. क्विनाइन सल्फेटच्या गोळ्याहि या यादींत घातलेल्या आहेत. हिवतापानें गांवेंच्या गांवें अंथरुणास खिळत त्या दिवसांची ती आठवण समजावी. अट अशी कीं, माल परवानाधारकाकडून घेतलेला असावा व मूळच्या न उघडलेल्या वेष्टणांतच विकावा. आष्टी-कारंजाकडील लहानशा गांवांत रात्रीं कोणास ताप भरला, तर या सवलतीचें मोल कळतें.

नेहमींच्या दुकानास मात्र परवाना हवा, किमान १० चौरस मीटर जागा हवी आणि चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं दिलें जावयास हवें. ही नोंदणी १९४८ च्या फार्मसी कायद्यानें सुरू झाली. कारखान्यावरील बंधन याहून मोठें : नुसता कारखाना असून भागत नाहीं, प्रत्येक औषधासाठीं परवानगी लागते. २०२१ च्या मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, काळ्या बुरशीवरील अँफोटेरिसिन-बी हें इंजेक्शन देशांत मिळेनासें झालें, तेव्हां वर्ध्याच्या जेनेटिक लाईफ सायन्सेस या कारखान्यास तें बनविण्याची परवानगी मिळाली व तेथें उत्पादन सुरू झालें. त्या वेळीं बाजारांत सुमारें ७,००० रुपयांस विकल्या जाणाऱ्या या इंजेक्शनची वर्ध्याची किंमत १,२०० रुपये जाहीर झाली होती.

आतां इतकीं बंधनें कशासाठीं, हें पाहूं. १९३७ सालीं अमेरिकेंत एका कारखान्यानें सल्फानिलामाइड हें औषध गोड पातळ रूपांत विकावयास काढलें. तें विरघळविण्यासाठीं वापरलेला द्रव डायएथिलिन ग्लायकॉल हा होता. तो चवीस गोड, दिसण्यास निर्मळ, आणि मूत्रपिंडास मारक. १०० हून अधिक माणसें दगावलीं. त्यांत पुष्कळ मुलें होतीं. सरकारनें बाटल्या जप्त करावयास घेतल्या, तेव्हां एक विलक्षण अडचण उभी राहिली. विषारी औषध विकणें हा त्या देशांत अपराधच नव्हता ! शेवटीं आधार मिळाला तो नांवाचा. बाटलीवर ‘एलिक्झिर’ असें लिहिलें होतें, त्या शब्दाच्या अर्थाप्रमाणें आंत मद्यार्क असावयास हवा होता आणि तो नव्हता; म्हणून खोट्या लेबलाच्या सबबीवर माल जप्त झाला. लेबलावर नुसतें ‘द्रावण’ असें लिहिलें असतें, तर कायदा हात चोळीत बसला असता. पुढच्याच वर्षीं, १९३८ सालीं, तेथें नवा कायदा झाला आणि विक्रीपूर्वीं औषध निर्धोक असल्याचें दाखविणें सक्तीचें झालें.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९३० सालींच नेमली गेली होती. बाजारांतील औषधांच्या निकृष्टपणाची चौकशी करून तिनें १९३१ सालीं अहवाल दिला व त्यांतूनच १९४० चा कायदा आला. म्हणजे कायदा होता. तरीहि तेंच विष १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत शिरलें. मेंदूवरील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठीं रोग्यांस ग्लिसरॉल पाजलें जात असे. त्यांत डायएथिलिन ग्लायकॉल निघालें, आणि १४ रोगी मृत्यु पावले. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली. औषधी दर्जाच्या ठिकाणीं उद्योगधंद्यांत वापरावयाचें ग्लिसरीन आलें होतें, आणि खरेदी करणारे, तपासणारे व देखरेख ठेवणारे या सर्वांच्या हातून तें निसटलें होतें. व्याख्येंत दोष नव्हता, वर्गीकरणांतहि नव्हता; बाटली उघडून कोणी परीक्षा केली नव्हती. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा भागांत खोकल्याच्या औषधानें २० हून अधिक बालकें गेलीं, त्यांतील कित्येकांनीं नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. त्या बाटलींत पुन्हा तेंच डायएथिलिन ग्लायकॉल होतें, शेंकडा ४८ हून अधिक.

भेसळ एक प्रकारची, तर बनावट औषध दुसऱ्या प्रकारचें. २०२३ सालीं नागपूर जिल्ह्यांतील कळमेश्वर येथील ग्रामीण रुग्णालयांतून औषध निरीक्षकानें सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला. परीक्षेंत गोळींत औषधाचा अंशहि आढळला नाहीं. २०२४ सालीं दाखल झालेल्या आरोपपत्राप्रमाणें त्या गोळ्या टाल्कम पावडर व स्टार्च यांच्या होत्या. अशा गोळीनें कोणी तडफडून मरत नाहीं, म्हणून ती कमी दुष्ट असें समजूं नये. न्यूमोनियाच्या रोग्यास ती तीन दिवस दिली, तर ते तीन दिवस परत मिळत नाहींत. २००८ च्या दुरुस्तीप्रमाणें बनावट किंवा भेसळीच्या औषधानें मृत्यु घडल्यास किमान दहा वर्षांची, आणि जन्मठेपेपर्यंत, कैद सांगितली आहे.

कळमेश्वरचा प्रकार उघडकीस आला तो नमुन्यामुळें, म्हणून नमुना कसा घेतात हें जाणून घेण्यासारखें आहे. निरीक्षक दुकानांतून औषध घेतो, त्याची रास्त किंमत देऊं करतो, आणि दुकानदारासमक्ष त्याचे चार भाग करून प्रत्येकावर मोहोर करतो. दुकानदारासहि आपली मोहोर उमटवितां येते. एक भाग दुकानदाराजवळ राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठीं ठेवला जातो आणि एक, ज्यानें मालाची हमी दिली, त्या कारखानदाराकडे पाठवितात. पुढें वाद झाला, तर सर्वांजवळ तीच वस्तु असावी, हा यांतील हेतु.

हा अधिकार एकट्या निरीक्षकाचा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. कायद्याच्या २६ व्या कलमानें कोणाहि मनुष्यास, तसेंच मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेस, स्वतः विकत घेतलेलें औषध ठरीव शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे परीक्षेसाठीं देतां येतें, आणि त्याच्या सहीचा अहवाल मागतां येतो. औषध आपण विकत घेतलें याचा पुरावा म्हणजे दुकानाची पावती. तिजवर औषधाच्या नांवाबरोबर त्याचा तुकडी क्रमांकहि लिहिलेला असावा. कारण एखाद्या तुकडींत दोष निघाला, तर बाजारांतून परत बोलाविली जाते ती त्याच क्रमांकाची तुकडी.