सायकलची फ्रेम कशाची असावी?

सायकल दुकानातून तयार आणता येते. तशीच ती आपल्या मापाने बनवूनही घेता येते. शिंपी जसे अंगाचे माप घेतो, तसा कारागीर पायाची, हाताची व धडाची लांबी मोजतो. मग तो नळ्या कापतो, जोडतो आणि सायकलचा सांगाडा उभा करतो. या सांगाड्याला फ्रेम म्हणतात.

सायकलची चाके बदलता येतात. सीट बदलते, ब्रेक बदलतात. पण फ्रेम मोडली की सायकलच गेली. भर उतारावर मोडली, तर माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून फ्रेम कशाची करावी, याचा विचार पैसे देण्याआधी करावा.

कोणी म्हणेल, "त्यात विचार कसला? सगळ्यांत हलकी ती चांगली!" आम्ही म्हणतो, जरा हिशेब करून पाहा. दूध घालणाऱ्या माणसाचे वजन ६० किलो धरा. सायकल २० किलो. दुधाने भरलेल्या दोन किटल्या ४० किलो. एकूण १२० किलो झाले. आता हलक्या धातूची फ्रेम केली आणि एक किलो वाचला. १२० चे ११९ झाले. शर्यतीत धावणाऱ्याला हा किलो मोलाचा आहे. दूधवाल्याला तो कळणारसुद्धा नाही. म्हणजे फ्रेम कशाची, हे कामावरून ठरते.

आता एकेक वस्तू पाहू.

पहिले पोलाद. लिटरच्या मापात मावेल एवढे पोलाद सुमारे ७.८ किलो भरते. ते जड खरे, पण मजबूत असते. त्यामुळे नळी पातळ पत्र्याची असली तरी चालते. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवायची. जोड टोकांशी असतो, जोर तिथेच येतो. मधला भाग पातळ केला की वजन घटते. चांगल्या पोलादी फ्रेमच्या नळ्या आजही अशाच असतात. पोलादाचा मोठा गुण म्हणजे ते दुरुस्त होते. पितळेचा झाळ देऊन किंवा वेल्डिंग करून जाणता कारागीर ते जोडू शकतो. दोष एकच, गंज. म्हणून रंग उडाला की लगेच लावावा आणि नळीत पाणी साचू देऊ नये.

दुसरे ॲल्युमिनियम. तेवढ्याच मापाचे ते २.७ किलो भरते. ते हलके आहे आणि पोलादासारखे गंजत नाही. पण एकाच मापाच्या दोन नळ्यांवर सारखाच भार दिला, तर ॲल्युमिनियमची नळी पोलादी नळीच्या जवळजवळ तिप्पट वाकते. म्हणून तिच्या नळ्या जाडजूड करतात. शिवाय पोलाद ठराविक मर्यादेतले हिसके वर्षानुवर्षे सोसते. ॲल्युमिनियममध्ये मात्र लहान हिसक्यांचा शीणही साठत जातो. वेल्डिंगने ते जोडाजवळ नरम पडते. बऱ्याच जातींच्या ॲल्युमिनियमला पुन्हा बळ आणण्यासाठी सारी फ्रेम भट्टीत तापवावी लागते. ते काम रस्त्यावरच्या वेल्डरचे नव्हे.

तिसरे टायटॅनियम. ते ४.५ किलो भरते. गंजत नाही, फार टिकते, पण महाग. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते ठिसूळ होते. म्हणून जोडताना नळीच्या आत-बाहेर आर्गॉन वायू सोडावा लागतो.

चौथे कार्बन. कार्बनचे बारीक धागे चिकट राळेत बसवून ही फ्रेम करतात. ती सर्वांत हलकी होऊ शकते. पण जोराचा मार बसला, तर कधी कधी आतले थर सुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

पाचवा आपला बांबू. हसू नका! १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडात बांबूच्या सायकली विकल्या जात. आजही घाना देशात त्या बनतात, आपल्या पुण्यातही बनल्या आहेत. बांबू हलका असतो आणि हादरे शोषून घेतो. मात्र तो पूर्ण वाळलेला हवा, नाही तर पुढे चिरतो. सांध्यांवर धागा गुंडाळून रासायनिक राळ भरतात. वरून वॉर्निश देऊन ओल अडवावी लागते.

आता एक सावधगिरीची सूचना. स्वस्तात पडते म्हणून काही लोक पाण्याच्या पाइपाची फ्रेम करवून घेतात. तसे करू नका. हा पाइप फुकट जड पडतो. शिवाय त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. आपली सायकल व्हावी आणि दुसऱ्याने आजारी पडावे, हे बरे नव्हे.

तर मग निवड कशी करावी? कारागिराला भेटण्याआधी तीन गोष्टी मनाशी ठरवा. ओझे किती न्यायचे? रस्ता कसा आहे? आणि मोडली तर जवळपास कोण दुरुस्त करील? ज्याचे पोट सायकलवर चालते, त्याची सायकल आठ दिवस बंद पडली तर आठ दिवसांची कमाई बुडते. अशा माणसाने पोलादच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हौसेने व शर्यतीसाठी फिरणाऱ्याने ऐपतीप्रमाणे दुसरे घ्यावे.

आणि फ्रेम कशाचीही असो, आठवड्यातून एकदा ती पुसून सांधे पाहावेत. रंगावर केसासारखी रेघ दिसली, तर चढून बसू नका. आधी कारागिराला दाखवा.

प्रश्न
१. दूधवाल्याला एक किलो वजन वाचल्याचा फायदा का होत नाही?
२. नळीची टोके जाड का ठेवतात?
३. तुमच्या गावात पोलादाचा जोड कोण देतो? त्याचे नाव वहीत लिहा.