वाचते, पण आठवत नाही

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. पहाटे उठून वाचते, पण विचारलं की काही सांगता येत नाही. काय करावं?
– एक पालक, मुरगूड (ता. कागल)

उत्तर : नुसतं वाचू देऊ नका. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवू दे. राहिलेलं मग पुस्तकात पाहायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, मग आठवड्याने. भूमितीतली प्रमेयं तर हाताने लिहिल्याशिवाय बसतच नाहीत. बीजगणित, भूमितीचे पेपर ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. घरीही घड्याळ लावूनच सोडवायला द्या. ‘अपेक्षित’ची उत्तरं घोकण्यापेक्षा बोर्डाचे जुने पेपर मला बरे वाटतात. आणि पहाटेचाच हट्ट कशाला? झोप अपुरी राहिली, तर वाचलेलं टिकत नाही.