मोटारसायकलची राखण : कुलूप, कागद आणि कायदा

कापडाच्या धंद्यात ताग्यांची मोजदाद रोज होते, गल्ल्याचा हिशेब रोज होतो आणि रात्री शटरला दोन-दोन कुलपे लागतात. पण ज्या मोटारसायकलवर माल येतो-जातो आणि उधारी वसूल होते, ती मात्र एका किल्लीच्या भरवशावर रस्त्यावर उभी असते. लहान दुकानदाराच्या एका कपाटातील मालापेक्षा तिची किंमत पुष्कळदा जास्त भरते. म्हणून या वेळी मालाच्या भावाऐवजी या चालत्या भांडवलाच्या राखणीचा विचार करू.

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) हे दुचाकींचे शहर आहे. बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासून चालू आहे, आणि एमएच-२० क्रमांकाची मोटारसायकल नाही असे कामगाराचे किंवा व्यापाऱ्याचे घर आता शोधावे लागते. पुंडलिकनगर, गारखेडा, मुकुंदवाडी या भागांत घरे दाट आणि गल्ल्या अरुंद. लहान प्लॉटवरच्या घरात मोटारसायकल आत घ्यायला जागा राहत नाही, ती रात्रभर ओट्यासमोर असते. याच वस्त्यांत अनेक होतकरू तरुण शहागंज, सिटी चौक, गुलमंडीतून कापड उचलतात आणि मोटारसायकलला गठडी बांधून आठवडी बाजार करतात. अशा तरुणाची गाडी गेली की फक्त वाहन जात नाही. बाजार बुडतो, उधारीची वसुली थांबते आणि ठोक व्यापाऱ्याकडची पतही जाते. गाडी किस्तीवर घेतलेली असेल तर गाडी नसतानाही किस्त चालूच राहते.

चोर कशाची वाट पाहतो?

चोराला सर्वांत जास्त मदत होते ती आपल्या सवयीची. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तितकाच वेळ उभी राहणारी गाडी त्याला पाठ होते. मशिदीबाहेर जुम्याच्या नमाजीची वेळ, दवाखान्यात भेटीची वेळ, बाजारात गर्दीची वेळ ही सर्वांना ठाऊक असते. दुसरी मदत जुन्या किल्लीची. आठ-दहा वर्षे वापरलेले कुलूप आतून झिजते आणि पुढे त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीची किल्लीही त्यात फिरते. तिसरी गोष्ट, कंपनीने दिलेल्या हँडल लॉकवर आपण ठेवतो तो भरवसा. हे कुलूप लावायलाच हवे, पण ते जोराच्या झटक्यापुढे फार टिकत नाही. चौथी सवय सर्वांत वाईट. 'आत्ता आलो' म्हणत किल्ली गाडीलाच ठेवून दुकानाची पायरी चढणे.

एका कुलपावर दुसरे

कोणतेही कुलूप चोराला कायमचे अडवत नाही. ते त्याचा वेळ खाते, आणि चोराजवळ वेळच नसतो. म्हणून नियम असा की निरनिराळ्या जातीचे दोन अडथळे असावेत.

१. हँडल लॉक दर वेळी लावावे, दोन मिनिटांसाठी थांबलो तरीही. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून, कुलूप बसले की नाही हे हाताने हलवून पाहावे.

२. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक, नसेल तर चाकाच्या आऱ्यांतून जाणारे जाड कुलूप घ्यावे. रंग भडक असावा. चोराला ते लांबूनच दिसले पाहिजे आणि गाडी काढताना आपल्यालाही आठवले पाहिजे.

३. रात्री चाक बांधून भागत नाही, कारण बांधलेली गाडीही दोघे उचलून टेम्पोत घालतात. ओट्याच्या भिंतीत किंवा जमिनीत काँक्रीट घालून लोखंडी कडी बसवून घ्यावी आणि कठीण पोलादाची साखळी चाकासह चेसिसमधून ओवून त्या कडीला लावावी. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. जमिनीचा आधार मिळाला की ती तोडणे सोपे जाते.

४. इंजिनाचा करंट तोडणारा छुपा बटन-स्विच जाणकार मिस्त्रीकडून बसवता येतो. पण गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा कॉक बंद करता येई. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत तो बहुधा नसतो.

५. जीपीएस यंत्र गाडी गेल्यावर तिचा माग सांगते, चोरी थांबवत नाही. ते बसवले तरी साखळी सोडू नये. त्याचे सिमकार्ड चालू आहे की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे. आणि गाडी कुठे आहे हे मोबाइलवर दिसले तरी एकट्याने तिथे जाऊ नये, पोलिसांना सोबत घ्यावे.

६. कुलूप झिजले असेल तर पूर्ण लॉक-सेट बदलावा. मिस्त्रीला किंवा धुण्याच्या सेंटरवर गाडी देताना फक्त गाडीची किल्ली द्यावी. घर आणि दुकानाच्या किल्ल्या त्याच कडीत नसाव्यात.

आपल्याकडे काही लोक 'अल्लाह राखणारा आहे' असे म्हणून कुलपाकडे दुर्लक्ष करतात. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवावा का, असे एका माणसाने विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले. ही हदीस तिर्मिजीत आहे. तवक्कुलचा अर्थ दोर सोडून देणे असा नाही.

पाच वर्षांच्या विम्याचा गैरसमज

आता त्या मुद्द्याकडे येऊ ज्यात आमचे व्यापारी बंधू सर्वांत जास्त फसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे 'गाडीचा विमा पाच वर्षे आहे' अशी समजूत पसरली. पण थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. चोरीचे संरक्षण 'ओन डॅमेज' या वेगळ्या भागात असते, आणि नवीन गाडीसोबत हा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा दिलेला असतो. दुसऱ्या वर्षी तो आपण होऊन घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१९ पासून तो स्वतंत्रपणेही मिळतो. म्हणून आज घरी गेल्यावर पॉलिसी काढावी आणि ओन डॅमेजची शेवटची तारीख कोणती आहे ते वाचावे.

रक्कम किती मिळते याचाही हिशेब समजून घ्यावा. पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून जो आकडा असतो तोच भरपाईचा पाया. तो कंपनीच्या विक्री किमतीवरून काढतात. नोंदणी आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत. त्यातून घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. समजा विक्री किंमत ९०,००० रुपये आहे आणि पॉलिसी घेताना गाडी दीड वर्षाची आहे. आयडीव्ही साधारण ७२,००० रुपये होईल. हप्ता थोडा कमी करण्यासाठी आयडीव्ही खाली ओढणे हा धंद्यातला खोटा नफा आहे. गाडीवर कर्ज असेल तर भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

गठडी बांधून फिरणाऱ्या भावांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने वाहतूक, तसेच नमुने आणि स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूक त्यातून वगळलेली असते. आपण गाडी कशासाठी वापरतो हे विमा कंपनीला लेखी कळवून योग्य पॉलिसी घ्यावी. गाडीसोबत गेलेल्या कापडाची भरपाई मोटारच्या पॉलिसीत मिळत नाही. मालाचा विमा वेगळा असतो. म्हणून बांधलेली गठडी गाडीवर ठेवून चहाला जाऊ नये.

विम्याच्या जायज-नाजायजबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच बंधनकारक आहे. पुढच्या भागाविषयी ज्याने-त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारून ठरवावे. जे घेणार नाहीत त्यांनी दर महिन्याला थोडी रक्कम त्याच कामासाठी बाजूला ठेवावी आणि साखळी दुप्पट जाड घ्यावी.

गाडी गेलीच तर

पहिला तास गडबडीत जाऊ देऊ नये. वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून नेली नाही ना, घरातल्या कोणी नेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे. मग लगेच ११२ क्रमांकावर कळवून जवळचे पोलीस ठाणे गाठावे. पुंडलिकनगरला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. पण घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून घ्यावी लागते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. साध्या अर्जावर पोचशिक्का घेऊन परत येऊ नये, एफआयआरच घ्यावी.

त्याच दिवशी शेजारच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगावे, कारण बहुतेक यंत्रांत थोड्या दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि लेखीही कळवावे. आरटीओ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही अर्ज द्यावा, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर चढणे अवघड होते. एफआयआर लगेच दिली असेल तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितले आहे. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा एक फोन स्वस्त.

विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच पाहून ठेवावे. हरवली असेल तर तेही आधीच कंपनीला लेखी कळवावे. तपास लागला नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल न्यायालयात पाठवतात. त्याचा अर्थ गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. दावा पुरा करताना हा कागद लागतो. मोबाइलवर अनोळखी रस्त्याचे ई-चलन आले तर रागावू नये. त्यावर जागा, वेळ आणि पुष्कळदा फोटोही असतो. ते तसेच तपास अधिकाऱ्याला द्यावे.

गाडी सापडली तर ती पोलीस ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नये. जप्त वाहने फार काळ ठाण्यात पडू नयेत, योग्य बंधपत्र घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात स्पष्ट केले आहे. सुपुर्दनाम्यासाठी न्यायालयात अर्ज करावा.

स्वस्त गाडीचा मोह

चोरीचा बाजार घेणाऱ्यामुळे चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कलम ३१७ मध्ये चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणे दीनमध्येही हराम आहे. अशा मालावरच्या कमाईत बरकत कशी येईल?

जुनी गाडी घेताना चेसिस आणि इंजिनचा नंबर आरसी पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. नंबरावर घासल्याची किंवा पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर सौदा तिथेच सोडावा. एम-परिवहनवर मालकाचे नाव व कर्जाची नोंद पाहावी, विकणाऱ्याचे ओळखपत्र घ्यावे आणि पैसे बँकेतून द्यावेत. विकणाऱ्याने १४ दिवसांत (गाडी त्याच राज्यात असेल तर) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. पॉलिसीचा ओन डॅमेज भाग नव्या मालकाच्या नावावर आपोआप येत नाही. तो विमा कंपनीकडून करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाच्या पॉलिसीवर फिरणाऱ्याची गाडी चोरीला गेली तर त्याच्या हाती काही लागत नाही.

गल्लीचे काम

शेवटी एकट्याचे कुलूप आणि सर्वांची नजर यांत फरक आहे. एका गल्लीतील पाच-सात घरांनी मिळून एक चांगला दिवा, एक कॅमेरा आणि एक लांब लोखंडी पाइप बसवून घेतला तर दहा गाड्या एकत्र बांधता येतात. मशिदीच्या कमिटीने जुम्याला दोन तरुणांची पाळी लावावी. आळीपाळीने ते शेवटच्या सफेत उभे राहिले आणि सलामनंतर आधी बाहेर आले तरी पुष्कळ फरक पडेल. दुकानदारांनी आपल्या नोकराची आणि फेरीवाल्या गिऱ्हाइकाची पॉलिसी एकदा मागून वाचावी. त्याची गाडी शाबूत राहिली तर आपली उधारीही शाबूत राहते.

एका कागदावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, पॉलिसीची तारीख, दोन्ही किल्ल्यांची जागा आणि विमा कंपनीचा फोन लिहून तो गल्ल्यात ठेवावा. याला दहा मिनिटे लागतात. हे काम येत्या जुम्यापूर्वी उरकून घ्यावे, अशी वाचक बंधूंना आमची विनंती आहे.