थाई हिरवी करी : स्वयंपाकघरातला एक पाठ



मोबाईलवर परदेशी पदार्थ बघून मुलं घरी विचारतात, "हे आपण करायचं का?" बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं : "ते आपल्याकडं मिळत नाही." थाई हिरव्या करीच्या बाबतीत मात्र हे उत्तर खरं नाही. तिच्यातलं निम्म्याहून जास्त साहित्य सुप्याच्या आठवडे बाजारात आणि परसात मिळतं. शिवाय हा एक पदार्थ करताना विज्ञान, भूगोल, इतिहास, भाषा आणि गणित असे पाच विषय होतात. म्हणून हा पाठ. शाळेत उपक्रम म्हणून घ्या, नाहीतर रविवारी घरी करा.

नावातला 'गोड' शब्द

या करीचं थाई नाव 'केंग खियाव वान'. केंग म्हणजे रस्सा किंवा कालवण, खियाव म्हणजे हिरवा आणि वान म्हणजे गोड. पण करी तर तिखट! मग गोड काय? इथं गोड हा शब्द रंगासाठी आहे. नारळाच्या दुधामुळं हिरवा रंग मवाळ, डोळ्यांना गोड वाटणारा होतो. आपणही गोड गळा म्हणतो, गोड बातमी म्हणतो. तिथं साखर कुठं असते? मुलांना असे आणखी शब्द शोधायला सांगा.

थाई भाषेत संस्कृत आणि पालीतून गेलेले शब्द भरपूर आहेत. जेवणाला ते 'आहान' म्हणतात, म्हणजे आपला आहार. चवीला 'रोत', म्हणजे रस. शिक्षकाला 'ख्रू', म्हणजे गुरू. भाषेला 'फासा'. त्यांच्या जुन्या राजधानीचं नाव अयुथ्या, हे अयोध्येवरून आलेलं. एवढं फळ्यावर लिहिलं की थायलंड मुलांना लांबचं वाटत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी)

वाटणासाठी : ८ ते १० कमी तिखट हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट (मुळं मिळाली तर धुऊन तीही), ४ छोटे गोलटी कांदे, ६ लसूण पाकळ्या, एक इंच आलं, गवती चहाच्या ३-४ काड्यांचा खालचा कोवळा पांढरा भाग, एक चमचा धने, अर्धा चमचा जिरे, ८ मिरे, अर्ध्या हिरव्या लिंबाची किसलेली साल, मीठ.

रश्शासाठी : एक मोठा नारळ, ४-५ छोटी हिरवी वांगी, मूठभर फरसबी, एक चमचा गूळ, लिंबाची ३-४ कोवळी पानं, सब्जाची मूठभर पानं.

आता मूळ पदार्थात काय असतं आणि आपण काय वापरतो ते पाहू. आल्याच्या जागी तिथं कुलिंजन घालतात. लिंबाच्या पानांच्या जागी तिथल्या खडबडीत सालीच्या लिंबाची जोडपानं असतात. आपल्याकडं शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यात कागदी लिंबाच्या बागा आहेत, त्यामुळं पानं मिळणं अवघड नाही. फक्त औषध फवारलेली पानं घेऊ नका. चव थोडी वेगळी येईल, पण जात तीच राहील.

तुळशीबद्दल एक गोष्ट. पाककृतीत 'थाई बेसिल' वाचून काहीजण अंगणातली तुळस तोडायला निघतात. त्याची गरज नाही. थाई बेसिल हा सब्जाच्या जातीतला प्रकार आहे. उन्हाळ्यात सरबतात घालतो तेच सब्जाचं बी कुंडीत पेरलं की दीड-दोन महिन्यांत पानं खुडता येतात. पेरणीचं काम मुलांकडं द्या, रोज पाणी घालून वहीत उंची लिहू द्या.

कृती

१. धने, जिरे आणि मिरे कोरडे भाजून कुटून घ्या. मूळ कृतीत पांढरे मिरे असतात. काळे आणि पांढरे मिरे एकाच वेलीचे, पांढऱ्याची वरची साल काढलेली असते एवढंच.

२. वाटणाचं बाकी साहित्य खलबत्त्यात किंवा पाट्यावर वाटा. मिक्सर चालेल, पण पाणी अगदी कमी घाला. गवती चहा आधी बारीक चिरा, नाहीतर दोरे लागतात. उरलेल्या हिरव्या पात्यांची गाठ मारून ठेवा.

३. नारळ खवून एक वाटी कोमट पाण्यात पिळून जाड दूध काढा. त्याच चवात दीड वाटी पाणी घालून पातळ दूध वेगळं काढा.

४. निम्मं जाड दूध कढईत मध्यम आचेवर आटवा. कडेनं तेल सुटू लागलं की वाटण घालून ४-५ मिनिटं परता. डब्यातलं दूध कधीकधी फुटत नाही, तेव्हा चमचाभर तेल घाला.

५. पातळ दूध, गवती चहाची गाठ, फरसबी आणि चिरलेली वांगी घाला. ८-१० मिनिटांत वांगी शिजतात.

६. उरलेलं जाड दूध, गूळ, लिंबाची पानं आणि मीठ घालून एक हलकी उकळी द्या. गॅस बंद करून सब्जाची पानं घाला. गाठ काढून टाका.

आंबेमोहोर भाताबरोबर ही करी छान लागते. नारळाचं दूध लवकर आंबतं, म्हणून त्याच दिवशी संपवा.

यातलं विज्ञान

तेल का सुटलं? नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब, यालाच पायस म्हणतात. थेंबांभोवती प्रथिनांचं आवरण असतं. दूध आटवलं की पाणी उडतं, आवरण मोडतं, थेंब एकत्र येतात. आई "मसाल्याला तेल सुटेपर्यंत परत" म्हणते, तेव्हा सुटलेलं तेल मसाल्याचा वास आपल्यात ओढून घेतं. बरेच सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात.

तिखट कमी कशानं होतं? मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध बरं. मिरची चिरलेल्या हातालाही आधी तेल चोळायचं, मग साबण लावायचा. लहान मुलांना मिरचीला हात लावू देऊ नका, आणि कोणीही डोळे चोळायचे नाहीत.

हिरवा रंग का उडतो? हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा मिळाला की ते निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. म्हणून करी फार उकळायची नाही आणि लिंबाचा रस हवाच असेल तर ताटात पिळायचा. दोन वाट्यांत उकळत्या पाण्यात पालकाची पानं टाका, एकीत लिंबू पिळा. पाच मिनिटांत फरक दिसतो.

मिरचीचा प्रवास

मिरची मूळची अमेरिका खंडातली. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथ्येला पोहोचला. याच समुद्री व्यापारातून मिरची आशियात पसरली. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची हिरवी करी, दोन्ही एकाच पाहुणीमुळं झाले! त्याआधी दोन्हीकडं तिखटासाठी मिरी, आलं असे पदार्थ वापरत. नकाशावर हा मार्ग मुलांकडून काढून घ्या.

गणितासाठी एवढंच : चार माणसांना एक नारळ, तर चाळीस मुलांच्या वर्गाला किती? आणि मिरच्याही दसपट घ्यायच्या का? यावर चर्चा होऊ द्या.

सगळ्यात महत्त्वाचा भाग

मूळ थाई वाटणात कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि खारटपणासाठी माशाचा अर्क घालतात. आपण वर फक्त मीठ घेतलं. ज्यांच्याकडं चालतं त्यांनी वाटणात अर्धा चमचा भाजलेला जवळा घालावा, चव मूळच्या जवळ जाते. पण आपल्या वर्गात माळकरी घरची मुलं असतात, काहींना कोळंबीची अॅलर्जी असते. म्हणून उपक्रमाआधी प्रत्येक पालकाला विचारा. तयार वाटणाचं पाकीट आणलं तर मुलांनाच त्यावरचं साहित्य वाचायला लावा. हिरवा ठिपका आहे की तपकिरी खूण, हे बघायची सवय जन्मभर उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट वासाची. सुप्यात औद्योगिक वसाहतीमुळं बाहेरच्या जिल्ह्यांतली, परराज्यांतली कुटुंबं राहायला आली आहेत. त्यांची मुलं आपल्या मुलांशेजारी बसतात. कुणाच्या डब्यात मोहरीच्या तेलाची भाजी असते, कुणाच्या डब्यात सुकी मासळी. "शी, कसला वास येतोय!" हे एक वाक्य पुरतं. ते मूल डबा झाकून खायला लागतं, मग आणायचंच बंद करतं. दुपारभर उपाशी बसलेल्या मुलाच्या डोक्यात आपला कुठलाच पाठ शिरत नाही.

"शी म्हणू नये" असं नुसतं सांगून हे सुटत नाही. पण ज्या मुलानं स्वतःच्या हातानं गवती चहा चिरला, अनोळखी वास घेतला, भीत भीत पहिला घास खाल्ला आणि "अरे, बरं लागतंय की!" म्हटलं, ते मूल पुढच्या वेळी शेजारच्या डब्याकडं बघून नाक मुरडायच्या आधी विचारतं, "यात काय घातलंय रे?"

घरचा अभ्यास : वर्गातल्या एका मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या घरचा असा पदार्थ निवडा, जो तुमच्या घरी कधीच होत नाही. त्याचं नाव, साहित्य आणि कृती त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत लिहा. पालकांनी जमल्यास तो एकदा घरी करून बघावा.