अडकलेला सुळा : क्ष-किरण चित्रातील आकार व स्थान

काश्यपसंहितेत वरच्या मधल्या दोन दातांस राजदंत, त्यांच्या बाजूच्या दातांस बस्त व त्यापुढील दातांस दंष्ट्रा म्हटले आहे. दंष्ट्रा म्हणजेच सुळा. वरचा कायमचा सुळा साधारणतः ११ ते १२ व्या वर्षी उगवतो. त्याचा मार्ग लांबचा असल्याने तो हाडातच अडकून राहण्याचा संभव असतो. शंभरात एक-दोन व्यक्तींत असे आढळते. स्त्रियांत प्रमाण अधिक.

परीक्षण : दहाव्या वर्षी ओठाच्या आतील बाजूने, दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून बोट फिरवावे. येऊ घातलेल्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो. एका बाजूस लागला व दुसरीकडे लागला नाही, तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

स्थान : संपूर्ण जबड्याच्या चित्रात, म्हणजे ओपीजीत, सुळ्याचे टोक बस्ताच्या मुळाच्या मध्यरेषेपलीकडे गेले आहे काय, हे प्रथम पाहावे. टाळूकडील सुळा या चित्रात किंचित मोठा भासतो. निश्चितीसाठी नळी सरकवून दोन लहान चित्रे घेतात. नळीच्याच दिशेस छाया सरकल्यास सुळा टाळूकडे, उलट सरकल्यास ओठाकडे समजावा. शंका उरल्यास सीबीसीटी करावी.

आकार : मुळाचे टोक वाकडे आहे काय, दाताभोवतीची काळी पोकळी ३ मिलिमीटरहून रुंद आहे काय, हे तपासावे. रुंद पोकळीत द्रवग्रंथीची शंका घ्यावी. बस्ताचे मूळ झिजलेले दिसल्यास विलंब करू नये. ही झीज बहुधा वेदनेविना होते.

उपचारकाल : स्वीडनच्या एरिक्सन व कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात १० ते १३ वर्षे वयाच्या मुलांचे दुधाचे सुळे काढले असता, टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांचा मार्ग सुधारला. टोक मध्यरेषेअलीकडे असता यश ९१ टक्के, पलीकडे असता ६४ टक्के होते. वय उलटल्यावर बहुधा शस्त्रकर्म व तारा यांचाच आधार उरतो.

“दात येत नाही” म्हणून पालक प्रवाळ, गोदंती वा कॅल्शियम मागतात. वाट चुकलेला सुळा त्यांनी वळत नाही, मात्र मोलाचे महिने निघून जातात. औषधविक्रेत्यांनीही अशा मुलास तपासणीस धाडावे. नाशिककरांस पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. वैद्याचे बोट व वेळेवर लिहिलेली चिठ्ठी यांनी मुलाचे दोन दात वाचू शकतात.