डिलीटआधी ऐक

चि. छोटीस,


काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. मेलचा प्रोग्राम अपडेट झाल्यापासून पुसायचा असतो एक मेल आणि जातो दुसराच, म्हणालीस. ते मला कळलं. पण पुढे "मलाच जमत नाही" म्हणालीस, ते पटलं नाही. बदललेली खिडकी डोळसांना एका नजरेत कळते. आपल्याला ती एकेक ओळ ऐकून कळते. वेळ लागणारच.

तू अजून जुन्या सवयीने ऐकतेस. आधी पाठवणाऱ्याचं नाव पहिलं यायचं, आता 'न वाचलेला' आणि तारीख आधी येते. नाव कानावर पडण्याआधीच तुझं बोट डिलीटवर जातं. ओळ पूर्ण ऐक. एक मेल गेला की लगेच इन्सर्ट धरून टॅब दाब. आपण आता कशावर आहोत ते एनव्हीडीए, आपला स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, सांगतो. दुसरा मेल त्यानंतरच पुसायचा.

ब्राउझरमध्ये जीमेल उघडतेस तेव्हा आणखी एक पेच असतो. ब्राउझ मोडमध्ये 'के' दाबलं की एनव्हीडीए पुढच्या लिंकवर उडी मारतो. फोकस मोडमध्ये तेच 'के' जीमेलला मिळतं आणि, तिथले शॉर्टकट चालू असतील तर, वरच्या मेलवर नेतं. इन्सर्ट आणि स्पेसने मोड बदलतो, तेव्हा वाजणारा आवाज नीट ओळखून ठेव. एखाद्या कळीबद्दल शंका आली तर इन्सर्ट आणि 1 दाबून ती नुसती विचारता येते. तेवढ्या वेळात काही पुसलं जात नाही.

2006 साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला आणि तो सर्वांना फुकट दिला. या सोयी आपल्यासारख्याच कानांनी घडवल्या आहेत, म्हणून त्यांच्यावर माझा जीव आहे.

मेलच्या प्रोग्राममध्ये चुकून गेलेला मेल कंट्रोल-झेडने बहुधा परत येतो. जीमेलच्या ट्रॅशमध्ये तो 30 दिवस असतो. शिफ्ट धरून डिलीट मात्र कधीही दाबू नकोस. तसं करून मी एकदा मुलाखतीचं बोलावणं कायमचं घालवलं. तारीख आठवेना आणि विचारायला संकोच वाटला. तू विचारत जा, कुणालाही.

आज स्वतःलाच दहा मेल पाठव, विषयात एक ते दहा आकडे घालून. त्यातले फक्त सम आकड्यांचे पुस. रविवारी फोन कर, उरलेले मला वाचून दाखव.

तुझा,
मामा